ट्रॅक्टरला केबिन हवी की नको, हे कोणी ठरवायचे?

ट्रॅक्टर म्हटला की नांगरट आठवते. पण जुनी सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी या भागात राहणाऱ्याला ट्रॅक्टर दिसतो तो रस्त्यावर. सकाळी विटा आणि वाळू आणणारा, दुपारी पाडलेल्या घराचा राडारोडा नेणारा, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर ओढणारा, पावसाळ्याआधी नदीतून काढलेला गाळ आणि जलपर्णी वाहणारा. इथली शेते गेली, ट्रॅक्टर मात्र राहिला. त्याच्या सीटवर बसलेला माणूस अनेकदा आपल्याच वस्तीतला असतो, नाहीतर मराठवाडा-विदर्भातून पोटासाठी आलेला आपला पाहुणा असतो. ट्रॅक्टरचा मालक कोणी दुसराच असतो.

नवा ट्रॅक्टर घ्यायचा ठरला की एक प्रश्न निघतो. उघडा घ्यायचा की बंद एसी केबिनचा? चर्चा होते किमतीची, हप्त्याची, डिझेलची आणि पुन्हा विकताना किती येतील याची. ज्याला त्या सीटवर रोज आठ-दहा तास बसायचे आहे, त्याला कोणी विचारत नाही. एसीचे नाव निघाले की हसून म्हणतात, "ड्रायव्हरला कशाला हवा एवढा थाट?"

आरोग्याच्या पानावर ट्रॅक्टरचा विषय घेण्याचे कारण हेच आहे. केबिन हा थाट नाही. धूळ, आवाज, धूर आणि ऊन माणसाच्या अंगावर किती घ्यायचे, याचा तो निर्णय आहे. तो निर्णय घेतो एक जण आणि भोगतो दुसरा.

ट्रकचे उदाहरण पाहा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि साडेतीन टनांहून जास्त एकूण वजनाच्या मालट्रकमध्ये ड्रायव्हरच्या केबिनला एसी सक्तीचा केला. २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकना हा नियम लागू झाला. उकाड्यात थकलेला ड्रायव्हर स्वतःलाही धोका आणि रस्त्यावरच्या इतरांनाही धोका, हे सरकारने मान्य केले. चांगली गोष्ट झाली. पण ट्रॅक्टर या नियमात येत नाही, कारण नियमांच्या भाषेत तो शेतीचे वाहन आहे. त्याच साइटवर, त्याच धुळीत, तोच माल भरायला ट्रक आणि ट्रॅक्टर शेजारी उभे असतात. एका ड्रायव्हरला काचेआड बसण्याचा हक्क मिळाला, दुसऱ्याच्या तोंडावर रुमाल आहे.

असे ट्रॅक्टर आपल्याकडे बनत नाहीत, असेही नाही. जॉन डियरचा कारखाना पुणे जिल्ह्यातच सणसवाडीला आहे, महिंद्राचा नागपूरला. दोन्ही कंपन्या भारतात एसी केबिनची मॉडेल विकतात. वस्तू आहे. ती कोणासाठी घ्यायची, हा प्रश्न आहे.

उघड्या सीटवर काय होते

आधी धूळ. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात आणि घशात अडते, खोकल्याने बाहेर पडते. खरा त्रास देते ती न दिसणारी बारीक धूळ. ती फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जाते आणि तिथेच राहते. विटा, टाइल्स, ग्रॅनाइट आणि काँक्रीट यांच्या धुळीत सिलिका असते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात ती तुलनेने कमी असते, पण घर पाडल्यावर निघणारा राडारोडा म्हणजे नुसता काळा दगड नसतो. सिलिका वर्षानुवर्षे आत गेली की सिलिकोसिस होतो. फुप्फुस आतून कडक होत जाते. हा आजार औषधाने मागे फिरत नाही. शिवाय सिलिकोसिस असलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. दाटीच्या घरांत टीबी एकट्या माणसापुरता राहत नाही, हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको.

मग आवाज. ओझे ओढणाऱ्या उघड्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या कानाशी साधारण ९० ते १०० डेसिबल आवाज असतो. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही मर्यादा जगभर वापरली जाते. त्यापुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, असे अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेचे मापन आहे. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एकच तास. आपला ड्रायव्हर दिवसभर बसतो. आवाजाने गेलेले कान परत येत नाहीत. हे बहिरेपण हळूहळू येते. आधी गर्दीतले बोलणे कळेनासे होते, मग मुलांचे बारीक आवाज. घरच्यांना वाटते, हा लक्षच देत नाही. टीव्हीचा आवाज वाढतो आणि घरात चिडचिड वाढते. कान तपासायचे कोणाच्या मनात येत नाही.

तिसरा धूर. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच दिला आहे. बऱ्याच ट्रॅक्टरचे धुराडे ड्रायव्हरच्या समोर, बॉनेटवर उभे असते. वारा समोरून असला की धूर सरळ तोंडावर. त्यात हादऱ्याने जाणारी कंबर आणि एप्रिल-मे महिन्यातले ऊन धरा. पस्तिशीत पाठ धरलेले ड्रायव्हर आपल्या ओळखीत आहेत.

केबिन म्हणजे सगळे आले का?

नाही. हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर एसीचे स्टिकर पाहून आपण फसू.

चांगली केबिन दोन गोष्टी करते. बाहेरची हवा फिल्टरमधून आत घेते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवते, त्यामुळे फटीतून धूळ आत शिरत नाही. आवाज ८० डेसिबल किंवा त्याखाली येतो. पण हे सगळे दार-खिडक्या बंद असतील, रबर शाबूत असेल आणि फिल्टर वेळेवर बदलला असेल तरच. फिल्टर तुंबला, एसी बिघडला आणि मालक म्हणाला "पुढच्या महिन्यात बघू", की ड्रायव्हर खिडकी उघडतो. त्याचा इलाजच नसतो, कारण बंद काचेत तो भाजून निघेल. मग धूळ आत येते आणि तिथेच घुमत राहते. गावाकडच्या वर्कशॉपमध्ये पत्रा-काच ठोकून केलेली केबिन पावसापासून वाचवते, पण बारीक धुळीचे ती काही करत नाही.

फवारणीचे तर आणखी वेगळे आहे. आपले बरेच नातेवाईक नाशिककडे द्राक्षबागांत कामाला आहेत. तिथे ट्रॅक्टरमागे ब्लोअर लावून औषध मारतात. युरोपात ट्रॅक्टरच्या केबिनचे चार दर्जे ठरवले आहेत. पहिल्या दर्जाच्या केबिनकडून संरक्षणाची हमीच नाही, दुसरी फक्त धूळ अडवते, तिसरी फवाऱ्याचे बारीक थेंबही अडवते आणि चौथी औषधाची वाफसुद्धा. साधा धुळीचा फिल्टर विषारी वाफ अडवत नाही, त्याला कोळशाचा फिल्टर लागतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ते बहुतेक पाठीवर पंप घेऊन फवारत होते. ट्रॅक्टरवर बसल्याने विषाची जात बदलत नाही.

मालकाची बाजूही ऐकू या. केबिनचा ट्रॅक्टर काही लाखांनी महाग पडतो. एसी इंजिनची थोडी ताकद खातो. लहान ताकदीच्या ट्रॅक्टरला कंपन्या सहसा केबिन देतच नाहीत. आणि आपल्या गल्ल्यांत वर लोंबणाऱ्या केबल, पुढे आलेले पत्रे आणि जिने यांत उंच केबिन अडकते. शिवाय प्रत्येक मालक बंगलेवाला नसतो. कर्ज काढून एकच ट्रॅक्टर घेतलेला आणि तो स्वतःच चालवणारा तरुण आपल्या वस्तीतही आहे. त्याला "केबिनचाच घे" असे आरामात बसून सांगणे मला पटत नाही.

म्हणून सरसकट उत्तर नको. कामाप्रमाणे ठरवू. पण त्याआधी एक गोष्ट अशी आहे, जिच्यात कामाप्रमाणे सूट नाही.

छत म्हणजे कमान नव्हे

ट्रॅक्टर उलटणे. मागे ओझे अडकले आणि पुढची चाके उचलली गेली, की ट्रॅक्टर दोन सेकंदांच्या आत पूर्ण मागे उलटू शकतो. उडी मारायला वेळ मिळत नाही. नदीकाठच्या भरावावर, गाळ काढताना, खड्ड्याच्या कडेला ट्रॉली पलटी करताना तो कुशीवरही आडवा होतो.

यावर उपाय आहे तो सीटच्या मागे उभी राहणारी जाड लोखंडी कमान. तिला रोल बार म्हणतात. ट्रॅक्टर उलटला तरी ती जमिनीवर टेकते आणि ड्रायव्हरपुरती जागा शिल्लक राहते. कारखान्यात बनलेल्या चांगल्या केबिनच्या सांगाड्यातच ही ताकद असते. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरना असे संरक्षण सक्तीचे केले आणि पुढच्या काळात तिथले उलटून होणारे मृत्यू फार खाली आले. तेव्हा एसीचा प्रश्नच नव्हता. लोखंड आणि कायदा, एवढेच लागले.

आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरवर असते ते उन्हाचे छत. चार पाइप आणि वर फायबरचा पत्रा. ते पाहून घरच्यांना वाटते, चला, डोक्यावर काहीतरी आहे. ते छत उलटण्यापासून वाचवत नाही. आणखी एक नियम नीट ध्यानात ठेवा. कमान असेल तर सीट बेल्ट लावायचाच, कारण बेल्टशिवाय माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच कमानीखाली सापडतो. कमान नसेल तर मात्र बेल्ट लावायचा नाही. कमान दुमडून ठेवली असेल, तर ती नसल्यासारखीच. आणि मडगार्डवर बसलेल्या पोराला कोणतीही कमान वाचवत नाही. "एवढ्या चौकापर्यंत तर जायचंय" म्हणून मुलाला तिथे बसवू नका.

मग निवड कशी करायची

माझे मत असे आहे.

पाडकामाचा राडारोडा, खडी-क्रशसँडची वाहतूक, रस्त्यावरची धूळ गोळा करणे आणि फवारणी या कामांना बंद, फिल्टरची केबिन हवी. कारण या कामात धूळ किंवा विष कधीतरी येत नाही, दिवसभर येते. हे काम घेणाऱ्याने केबिनचा खर्च कामाच्या भावात धरावा. जसा डिझेलचा धरतो, तसाच.

पाण्याचा टँकर, गाळ आणि जलपर्णी, गल्लीबोळातली किरकोळ वाहतूक यांना उघडा ट्रॅक्टर चालेल. पण कमान आणि बेल्ट असलेला, छत असलेला आणि धुराडे ड्रायव्हरच्या डोक्याच्या वर नेलेला. नवा घेताना कमान नसलेला ट्रॅक्टर घेऊच नये. हातात पैसे कमी असतील आणि एसी की कमान असा प्रश्न आला, तर आधी कमान.

आणि उघड्या ट्रॅक्टरवर धुळीचे काम करावेच लागले, तर माल भरताना पाणी मारणे आणि ट्रॉलीवर ताडपत्री बांधणे ही मालकाची जबाबदारी. इथे एक अडचण आहे ती मजुरीच्या पद्धतीत. ड्रायव्हरला खेपेवर पैसे मिळत असतील, तर पाणी मारायला आणि ताडपत्री बांधायला गेलेली वीस मिनिटे त्याच्या खिशातून जातात. मग तो ती टाळतो आणि दोष त्याच्यावर येतो. खेपेवर पैसे देणाऱ्याने या वेळेचेही पैसे दिले पाहिजेत.

महापालिकेच्या टेंडरमध्ये अट हवी

एकेका मालकाला समजावत बसलो तर दहा वर्षे जातील. पिंपरी-चिंचवडमध्ये अशा कामांना सर्वांत मोठा पैसा येतो तो महापालिकेकडून. रस्ते, नाले, राडारोडा, जलपर्णी, वाकड ते सांगवी मुळा नदीकाठचे काम. ठेकेदार कोणीही असो, पैसा नागरिकांच्या कराचा आहे. त्यामुळे अटी घालण्याचा हक्क महापालिकेला आहे आणि मागण्याचा हक्क आपल्याला. टेंडरमध्ये तीन ओळी टाकाव्यात: धुळीच्या कामासाठी बंद केबिनचे वाहन, बाकी प्रत्येक ट्रॅक्टरला कमान आणि बेल्ट, आणि ड्रायव्हरची वर्षातून एकदा छातीची व कानांची तपासणी ठेकेदाराच्या खर्चाने. एकाच ठेकेदाराने केबिन घेतली तर तो महाग पडतो आणि त्याचे काम जाते. अट सगळ्यांना सारखी असेल तर कोणीच मागे पडत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, ती त्यांच्या खात्याने आणली होती. कामगाराच्या शरीरावर किती भार टाकायचा, हे मालकाच्या चांगुलपणावर सोडले गेले नाही, कायद्यात लिहिले गेले. ट्रॅक्टरच्या सीटपर्यंत ते पोहोचायचे बाकी आहे.

तोवर घरात काय करायचे

नियम होतील तेव्हा होतील. काही गोष्टी या आठवड्यापासून करता येतात.

ड्रायव्हरने कानात फोमचे इअरप्लग घालावेत. ते स्वस्त मिळतात. कापसाचा बोळा त्यांची जागा घेत नाही. रुमालाने बारीक धूळ अडत नाही, एन-९५ मास्क लागतो आणि तो नाकाशी घट्ट बसला पाहिजे. कामावरचे कपडे घरात झटकू नका. दाराबाहेर काढून ओले करून वेगळे धुवा, कारण ती धूळ लहान मुलांच्या आणि कपडे धुणाऱ्या बाईच्या छातीत जाते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, वजन उतरत असेल, चढ चढताना दम लागत असेल, तर औंधचे जिल्हा रुग्णालय आपल्या सांगवी फाट्यालाच आहे, पिंपरीला वायसीएम आहे. टीबीची थुंकी तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा, "मी इतकी वर्षे ट्रॅक्टरवर राडारोडा वाहतो." हे एक वाक्य केसपेपरवर लिहून घ्या. सिलिकोसिस आणि आवाजाने आलेले बहिरेपण हे दोन्ही नुकसानभरपाईच्या कायद्यात कामातून होणारे आजार म्हणून नोंदलेले आहेत. उद्या हक्क मागायचा तर कामाची ती नोंद उपयोगी पडते.

बांधकामावर काम करणाऱ्यांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी करून घ्यावी. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम, ही त्याची मुख्य अट आहे. आणि ड्रायव्हरच्या घरच्यांनी एकदा ट्रॅक्टरचे आरसी बुक आणि विम्याचा कागद पाहावा. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याच्या वाहतुकीला लावला असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.

ज्या घरात ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आहे, त्या घराने मालकाला तीन प्रश्न विचारावेत. कमान आणि बेल्ट आहे का? धुळीच्या कामाला केबिन देणार का, आणि तिचा फिल्टर शेवटचा कधी बदलला? विमा कोणत्या कामाचा आहे? एकट्याने विचारायला भीती वाटते, नोकरी जाईल असे वाटते. म्हणून रविवारी विहारात जमल्यावर आपल्या भागातल्या ड्रायव्हरांची एक यादी करा आणि हेच प्रश्न सगळ्यांच्या सह्यांनी मालकांना आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला द्या. पोच घ्यायला विसरू नका.